पंख्याचा नट आणि नेमका पाना



१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या ६१ दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात. जाळी दुरुस्त होतात, फळ्यांच्या फटी बुजवल्या जातात, रंग लागतो. एक काम मात्र बऱ्याच घरांत राहून जातं. मशीनचा पंखा उतरवून त्याच्या मागे काय झालंय ते कुणी पाहत नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "नट निघत नाही" किंवा "पाना नाही." मग नारळी पौर्णिमा येते, होडी पाण्यात जाते आणि मागच्या वर्षीचं दुखणं तसंच पुढे चालू राहतं.

आपल्यातल्या कुणी खाडीत खेकड्यांचे पिंजरे लावतात, कुणी कालवं पाळतात, कुणी घरच्या होडीतून आलेली मासळी बाजारात नेतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बायकांचा गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो. होडीला मशीन लावायचं ठरलं की कर्जाच्या कागदावर सही आपली असते आणि दर महिन्याला हप्ताही आपण भरतो. मात्र मशीनला हात लावायची वेळ आली की "ते पुरुषांचं काम" म्हणून आपण बाजूला होतो. ज्या वस्तूचा हप्ता आपण भरतो, तिच्या नटाचं माप आपल्याला माहीत नसावं हे बरोबर नाही. म्हणून हा पाठ. नट सोडवायला दांडगी ताकद लागत नाही. मापाचा पाना, पुरेशी लांबी आणि थोडा धीर लागतो.

इथे आपण होडीच्या मागे टांगायच्या मशीनचा, म्हणजे आउटबोर्डचा विचार करू. आतल्या डिझेल इंजिनाच्या मोठ्या नौकांबद्दल शेवटी थोडं येईल.

१. पंखा शाफ्टवर कसा बसतो

मशीनच्या खालच्या टोकाला गिअरची पेटी असते. तिच्यातून मागच्या बाजूला एक दांडा बाहेर येतो, तो शाफ्ट. मध्यम आणि मोठ्या मशीनच्या शाफ्टवर लांबीच्या दिशेने खाचा असतात आणि पंख्याच्या आत तशाच उलट खाचा असतात. दोन्ही एकमेकांत बसतात म्हणून शाफ्ट फिरला की पंखा फिरतो. पंख्याच्या पुढे एक जाड वॉशर असतो. पंख्याचा सगळा रेटा त्यावर येतो. पंख्याच्या मागे आणखी एक वॉशर, मग नट, आणि नट आपोआप सुटू नये म्हणून त्यातून आरपार घातलेली एक पिन. या पिनेची दोन टोकं वाकवलेली असतात. तिला कॉटर पिन किंवा स्प्लिट पिन म्हणतात. काही मशीनांत पिनेऐवजी वॉशरचे कान नटावर दुमडलेले असतात.

लहान मशीनांत थोडं वेगळं असतं. तिथे शाफ्टमधून आडवी घातलेली एक पिन पंखा फिरवते. तिला शिअर पिन म्हणतात. पंखा खडकावर आपटला तर ही पिन तुटते आणि आतले गिअर वाचतात. थोडक्यात, ती तुटण्यासाठीच केलेली असते. तिच्या जागी खिळा किंवा जाड सळईचा तुकडा घालू नका. मग पिनेऐवजी गिअर तुटतो आणि पिनेच्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

खाचांच्या पंख्यात हेच रक्षणाचं काम आतलं रबर करतं. पंख्याच्या मधोमध रबरी बुश बसवलेला असतो, तो धक्का सोसतो. हा रबर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

२. आधी नट ओळखा

पाना शोधायच्या आधी नट नीट बघा. त्यावर चिखल, शेवाळ, काकई असेल तर ताराच्या ब्रशने साफ करा. मग तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, नटाच्या वरच्या कडेला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा आहेत का? असतील तर पिन त्या खाचांतून जाते. अशा नटाला पाना खाचांवर नाही, त्याखालच्या सपाट बाजूंवर बसला पाहिजे. वरवर बसलेला पाना पहिल्याच जोरात घसरतो.

दुसरी गोष्ट, नट पंख्याच्या पोकळीत किती आत आहे? काही पंख्यांत तो खोल असतो. तिथे साधा फिक्स पाना आत जातच नाही.

तिसरी गोष्ट, शाफ्टचं टोक नटाच्या बाहेर किती आलंय? ते बरंच बाहेर असेल तर आखूड गोटी नटावर पूर्ण बसणार नाही, लांब गोटी लागेल.

३. माप कसं घ्यायचं

नटाला सहा बाजू असतात. माप समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं घ्यायचं. बहुतेक चूक इथेच होते, कारण आपण सहज एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतो. कोपऱ्यांचं माप सपाट बाजूंच्या मापापेक्षा साधारण १५ टक्के जास्त भरतं. समजा नट २४ मिलिमीटरचा आहे. कोपऱ्यांतून मोजलात तर २८ च्या जवळ आकडा येईल. तुम्ही २८ चा पाना आणाल, तो नटावर गरगर फिरेल आणि कोपरे झिजवून टाकेल.

माप घ्यायला व्हर्नियर कॅलिपर सगळ्यात चांगला. जवळच्या गॅरेजवाल्याकडे, लेथवाल्याकडे किंवा आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाकडे तो मिळेल. नाहीच मिळाला तर जाड पुठ्ठ्याला खाच कापा. ती नटाच्या दोन सपाट बाजूंवर घट्ट बसेपर्यंत थोडी थोडी वाढवत जा. तो पुठ्ठा दुकानात न्या आणि पान्याचं तोंड त्याच्याशी ताडून पाहा. पुठ्ठा ओला होऊ देऊ नका, फुगला की माप बदलतं.

आता मिलिमीटर आणि इंचाचा घोळ. जपानी कंपन्यांच्या मशीनला नट मिलिमीटरच्या मापाचे असतात. अमेरिकी बनावटीच्या मशीनवर इंचाचे असू शकतात. मर्क्युरीच्या बऱ्याच मोठ्या मशीनच्या पंख्याचा नट १ पूर्णांक १/१६ इंचाचा असतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. हे धरून काही जोड्या पाहा:

• १ पूर्णांक १/१६ इंच म्हणजे २६.९९ मिमी. २७ चा पाना चालतो.
• ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी. १९ चा पाना जवळचा आहे, पण नटावर रंग किंवा गंज असेल तर बसत नाही.
• १५/१६ इंच म्हणजे २३.८१ मिमी. २४ चा पाना किंचित सैल बसतो. नट सैल असेल तर चालेल, जाम असेल तर नको.
• ७/८ इंच म्हणजे २२.२३ मिमी. २२ चा जात नाही आणि २३ चा सैल पडतो. इथे इंचाचाच पाना हवा.

मशीनबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक घरात असेल तर ते फेकू नका. इंग्रजी असलं तरी त्यातली चित्रं आणि आकडे कामाचे असतात. दहावी-बारावीतल्या मुलीला जवळ बसवा आणि पंखा उतरवण्याचं पान शोधायला सांगा.

४. कोणता पाना, आणि का

*गोटी पाना.* पंख्याच्या नटाला हा सगळ्यात योग्य. गोटी नटाला चहूबाजूंनी धरते. घेताना सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी नटावर पटकन बसते, पण ती नटाला कोपऱ्यांजवळ धरते. गंजलेल्या नटाचे कोपरे आधीच कमजोर झालेले असतात, ते बारा कोनी गोटीत लवकर गोल होतात. सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर जोर देते. शाफ्ट बाहेर आलेला असेल तर लांब गोटी घ्या. नट पोकळीत असेल तर गोटीची बाहेरची जाडी त्या पोकळीत मावते का, हेही दुकानात जाण्याआधी मोजून ठेवा.

*रिंग पाना.* नट उघडा असेल आणि शाफ्ट फार बाहेर नसेल तर हा गोटीइतकाच चांगला. होडीत ठेवायला सोयीचा, कारण त्याला वेगळी दांडी लागत नाही.

*फिक्स पाना.* तोंड उघडं असलेला हा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. सैल झालेला नट पुढे फिरवायला ठीक आहे. जाम नट मोकळा करायला नको.

*स्क्रू पाना.* तोंड कमी-जास्त करता येतं म्हणून घरोघरी हाच असतो. पण जोर लावला की तोंड किंचित उघडतं आणि पाना निसटतो. दुसरं काहीच नसेल तेव्हाच वापरा. वापरताना स्क्रू घट्ट आवळा आणि जोर न हलणाऱ्या जबड्याच्या बाजूला येईल असा पाना धरा.

*पाइप पाना, छिन्नी-हातोडा.* पाइप पाना गोल पाइपासाठी असतो. त्याचे दात नट खातात. छिन्नीने नट ठोकून फिरवणं म्हणजे नट, शाफ्टचे आटे आणि पंखा, तिन्हींचं नुकसान. एकदा नट गोल झाला की पुढच्या वेळी मापाचा पानाही निरुपयोगी ठरतो.

पिनेसाठी साधी पक्कड आणि लांब चोचीची पक्कड लागते. म्हणजे पूर्ण पेटीची गरज नाही. एक सहा कोनी गोटी, तिची दांडी, पक्कड, लाकडाचा ठोकळा आणि ग्रीस एवढ्यावर काम होतं. पन्नास पान्यांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा नेमक्या मापाची एक चांगली गोटी घ्या. स्वस्त संचातली गोटी जाम नटावर फाकते.

५. जोर किती, लांबी किती

जात्याचा खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो. मधल्या खिळीजवळ धरून जातं फिरवून पाहा, दोन वेढ्यांत हात भरून येतील. पान्याचंही तसंच आहे. दांडी जितकी लांब तितका कमी जोर पुरतो. एक वीत लांबीच्या दांडीवर २० किलोचा भार देऊन जेवढं काम होतं, तेवढंच एक हात लांबीच्या दांडीवर १० किलोत होतं. १० किलो म्हणजे १० लिटर पाण्याच्या कळशीचं वजन, जे आपण रोज उचलतो. तेव्हा "बाईच्या हाताने नट सुटणार नाही" हे म्हणणं दांडीची लांबी न पाहता केलेलं आहे.

पण लांबीलाही मर्यादा आहे. लहान मशीनच्या बारीक शाफ्टवर भला मोठा पाइप चढवून लोंबकळलात तर नट सुटण्याऐवजी आटे उतरतील. लहान मशीनला हातभर दांडी पुष्कळ झाली. जोर हळूहळू वाढवत न्या, झटका देऊ नका.

६. नट सोडवण्याची रीत

पहिल्या दोन पायऱ्या कधीही गाळू नका. गिअरमध्ये असलेलं मशीन चुकून सुरू झालं तर पंखा बोटं तोडतो.

१) मशीन बंद करणारी दोरी काढून खिशात ठेवा. बटणाचं स्टार्टर असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.

२) सगळ्या स्पार्क प्लगच्या टोप्या काढा. दोर ओढून सुरू होणाऱ्या मशीनलाही हे लागू आहे, कारण पंखा हाताने फिरला तरी इंजिन फिरू शकतं.

३) हातात जाड मोजे घाला. झिजलेल्या पात्याची कड विळीसारखी धारदार असते.

४) मशीनखाली जुनी साडी किंवा ताडपत्री पसरा. वॉशर वाळूत पडला की सापडत नाही.

५) कॉटर पिनेची वाकवलेली टोकं पक्कडीने सरळ करा आणि पिन डोक्याकडून ओढून काढा. वॉशरचे कान दुमडलेले असतील तर आधी ते सरळ करा. पिन किंवा कान तसेच ठेवून नटावर जोर लावणं, ही नट "जाम" असण्याची सगळ्यात साधी गोष्ट असते.

६) पंखा फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा लावा. पंख्याच्या वर मशीनला एक आडवी पट्टी असते. होडीच्या मागे उभं राहून नटाकडे पाहा. नट सोडताना डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवायचा आहे. तेव्हा पंखाही तसाच फिरू पाहील आणि उजवीकडचं पातं वर येईल. म्हणून ते पातं आणि वरची पट्टी यांच्यामध्ये ठोकळा धरा. पातं हाताने किंवा पायाने अडवू नका.

७) गोटी पूर्ण आत बसली आहे ना ते हलवून पाहा. एका हाताने गोटी नटावर दाबून धरा, दुसऱ्याने दांडी स्वतःकडे ओढा. ढकलू नका. ढकलताना पाना निसटला तर हात थेट पात्यावर जातो.

८) नट मोकळा झाला की हाताने काढा. प्रत्येक वस्तू ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने कापडावर एका ओळीत मांडा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वॉशरची कोणती बाजू कुठे होती, ते फोटोतच कळतं.

आउटबोर्डच्या नटाला साधारणपणे उजवे आटे असतात, म्हणून तो डावीकडे सुटतो. खात्री करायची असेल तर बाहेर आलेल्या शाफ्टचे आटे पाहा. शाफ्ट उभा आहे अशी कल्पना करा. आटे डावीकडून उजवीकडे चढत गेले असतील तर उजवे.

७. नट हलतच नसेल तर

खारं पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की गंज धरतो. ग्रीस न लावता बसवलेला नट एका हंगामातच शाफ्टला चिकटू शकतो. अशा वेळी भांडण नको, वेळ द्या. आटे ब्रशने साफ करा. गंज सोडवणारं तेल नटाच्या वर आणि मागे मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा मारा. मग गोटी लावून नट आधी किंचित कसायच्या दिशेला आणि मग सोडायच्या दिशेला असा थोडा थोडा हलवा. गंजाचा थर तुटला की नट बोलतो. कट् असा आवाज येतो आणि तो पुढे फिरू लागतो.

गॅसच्या ज्योतीने नट तापवू नका. जवळच पंख्याचा रबरी बुश आहे, आत शाफ्टचं रबरी सील आहे आणि त्यामागे तेल आहे. तापवून नट सुटेलही, पण सील गेलं तर गिअरच्या पेटीत पाणी शिरेल. दोन दिवस तेल मारूनही नट हलला नाही, किंवा त्याचे कोपरे गोल झालेले असले, तर इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. कुठे थांबायचं हे कळणं हाही कामाचाच भाग आहे. त्याच्याजवळ उभं राहून तो काय करतो ते मात्र पाहा.

८. पंखा उतरला, आता काय पाहायचं

एवढी खटपट कशासाठी? याच्यासाठी.

शाफ्टच्या मुळाशी पाहा. तंगूस किंवा जाळ्याचा धागा तिथे गुंडाळलेला असतो. तो फिरून फिरून आत सरकतो आणि सील कापतो. सील कापलं की गिअरच्या तेलात पाणी जातं. बाहेरून काहीच दिसत नाही, मशीन चालू असतं. आतले गिअर मात्र गंजत जातात आणि एक दिवस भर हंगामात मशीन बसतं. दहा मिनिटांत धागा कापून काढला असता तर वाचलं असतं, असं हे नुकसान.

धागा सापडला तर गिअरचं तेल तपासा. मशीन उभं ठेवा, गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू किंचित सैल करा आणि थोडं तेल वाटीत घ्या. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. सील बदलल्याशिवाय ते मशीन पाण्यात नेऊ नका.

पंख्याचा रबरी बुशही पाहा. मशीनचा आवाज वाढतो पण होडीला वेग येत नाही, अशी तक्रार असेल तर बुश घसरत असण्याची शक्यता असते. पंख्याजवळचा जस्ताचा तुकडाही बघून घ्या. तो स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवतो. अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदला, आणि होडी रंगवताना त्याच्यावर रंग लावू नका. रंगाखाली तो काम करत नाही.

९. परत बसवताना

शाफ्ट पुसून कोरडा करा. पाण्याने धुऊन न जाणारं, होडीच्या मशीनसाठीचं ग्रीस सगळ्या खाचांना लावा. पुढच्या वर्षी नट सहज निघणार की नाही, ते या बोटभर ग्रीसवर ठरतं. फोटो पाहून वॉशर त्याच क्रमाने घाला. नट आधी हातानेच फिरवा. आटे आडवे चढत असतील तर लगेच कळेल. आता ठोकळा दुसऱ्या बाजूला, डावीकडच्या पात्यावर घ्या आणि नट कसा. किती कसायचा याचा आकडा माहितीपुस्तकात असतो. पिनेचं भोक आणि नटाची खाच जुळली नाही तर नट थोडा आणखी पुढे कसा, मागे सैल करू नका.

कॉटर पिन दर वेळी नवी घाला. एकदा वाकवून सरळ केलेली पिन आतून तडकलेली असते. तिच्या जागी तार, केसांची पिन किंवा खिळा चालणार नाही. पिन गेली की नट जातो, आणि नटामागे पंखा समुद्रात जातो.

पहिल्या फेरीनंतर किनाऱ्यावर येऊन नट आणि पिन एकदा तपासा.

१०. पाण्यात असताना

ओहोटी लागलेली, होडी खाडीच्या तोंडाशी आणि शिअर पिन तुटली. मशीन चालतंय पण पंखा फिरत नाही. अशा वेळी होडीत वल्ही, नांगर, जादा पिना, जादा नट आणि मापाचा पाना आहे का, यावर सगळं ठरतं.

पहिलं काम नांगर टाकणं. होडी वाहत असताना कुणी मशीनवर वाकू नये. जवळ उथळ जागा किंवा काठ असेल तर वल्हवत तिथे जा. मशीन वर उचला, बंद करणारी दोरी काढा, प्लगच्या टोप्या काढा आणि मगच हात लावा. पान्याला दोरी बांधून ती मनगटात अडकवा. खाली जाळ्याचा तुकडा धरायला दुसऱ्या बाईला सांगा. अंगात लाइफ जॅकेट हवंच. घाई झाली तरी हा क्रम बदलू नका.

११. मोठ्या नौकांबद्दल थोडं

आतल्या डिझेल इंजिनाच्या नौकेला पितळी किंवा कांस्याचा जड पंखा असतो. तो निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसवलेला असतो आणि त्यावर बहुधा दोन नट असतात. हे नट मोठे असतात. त्यांना हातोडीने ठोकायचा जाड रिंग पाना लागतो आणि नट सुटला तरी पंखा उतरवायला पुलर लागतो. हे काम जाणकारावर सोपवा. एक गोष्ट मात्र बघा. पंखा ओढताना नट पूर्ण काढू नये, शाफ्टवर थोडा राहू द्यावा. निमुळत्या शाफ्टवरून पंखा सुटतो तेव्हा एकदम झेपावतो. समोर कुणी उभं राहू नये.

१२. पाना गटाचा, माप वहीत

प्रत्येक घराने वेगळी गोटी, व्हर्नियर आणि पुलर घ्यायची गरज नाही. वर्षातून दोन-चार वेळा लागणाऱ्या वस्तू ग्रामसंघाने एकदा घ्याव्यात आणि पेटीत ठेवाव्यात. आधी गावातल्या सगळ्या मशीनच्या नटांची मापं काढा. पाच होड्यांना एकच माप निघालं तर एकच गोटी पाचांना पुरेल. न मोजता संच घेतला तर नेमकं तेच माप संचात नसतं. दोन दुकानांत भाव विचारा, पावती घ्या आणि ठरावात नोंदवा. पाना नेताना नाव, तारीख आणि सही. परत करताना पुसून, तेलाचा हात लावून. हरवला तर भरपाई कशी, ते आधीच बैठकीत ठरवा. पुढे नात्यात वाकडं येत नाही.

होडीत ठेवायचा पाना मात्र होडीतच हवा. तो पेटीत जमा करू नका.

आणि वही. नियमित लेखे ठेवणं हे पंचसूत्रीतलं सूत्र आपण पैशांना लावतो. मशीनलाही तेच लावू. बचत-कर्जाच्या वहीशेजारी मशीनचं एक पान करा:

• मशीनची कंपनी, मॉडेल, नंबर
• पंख्याच्या नटाचं माप (मिमी की इंच, ते लिहा)
• गोटी आखूड की लांब
• कॉटर पिन किंवा शिअर पिनेची जाडी आणि लांबी
• पंखा शेवटचा कधी उतरवला, मागे काय सापडलं
• गिअरचं तेल कधी बदललं

कर्ज देताना समितीने हे पान मागावं, असंही सुचवावंसं वाटतं. ज्या घरात मशीनचं पान भरलेलं असतं, त्या घरात मशीनची काळजी घेतली जाते. काळजी घेतलेलं मशीन भर हंगामात बंद पडण्याचा धोका कमी, आणि मशीन चालू राहिलं तर हप्ताही वेळेवर जातो.

पुढच्या बैठकीसाठी काम

१) ज्यांच्या घरी मशीन आहे त्या प्रत्येकीने पुठ्ठ्याची खाच कापून नटाचं माप आणावं. सगळी मापं व्हर्नियरने एकत्र तपासावीत.

२) एका होडीचा पंखा सर्वांनी मिळून उतरवावा. ज्या बाईने आजवर पान्याला हात लावलेला नाही, दांडी तिच्या हातात द्यावी.

३) चर्चा करा: आपल्या होडीत या क्षणी मापाचा पाना, जादा पिना आणि लाइफ जॅकेट आहेत का? नसतील तर नारळी पौर्णिमेच्या आधी कोण, काय आणणार? नावं लिहून ठेवा.